पाठ टेकण्यापुरती जागा

२०२३ साल. मला सत्तर पुरी होऊन एकाहत्तरावं लागलं होतं, आणि मी जयपूरच्या एका तुरुंगात, आत आल्या आल्या, जेलरला सांगत होतो की मी उताणाच झोपतो.

त्यानं विचारलंच तसं. गुन्हा काय, गाव कुठलं, हे कारकुनानं आधीच लिहून घेतलं होतं. जेलरला त्यात रस नव्हता. खाकी शर्टाची वरची दोन बटणं उघडी, पायात रबरी चप्पल, हातात चहाची बशी. बशीवर फुंकर मारत तो म्हणाला, "घोरता का?"

मी म्हटलं, "मला काय माहीत? मी तेव्हा झोपलेला असतो."

"कुठल्या कुशीवर झोपता? डाव्या की उजव्या?"

"उताणा."

"रात्रभर?"

"सत्तर वर्षं."

बाजूचा शिपाई हसला. जेलर हसला नाही. त्यानं बशी खाली धरून मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, कापडवाला तागा बघतो तसं. मग म्हणाला, "मराठे ना तुम्ही? तुमचे लोक पूर्वी आमच्या जयपूरकडून चौथाई घेऊन जायचे सा. तुम्ही तर सरळ दुप्पट मागताय."

त्याचं बोलणं हिंदी, मधेच तिकडची बोली, आणि वाक्याच्या शेपटाला बहुतेक मानाचा 'सा'. मी ते आपल्या भाषेत लिहितोय. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही चौथीची परीक्षा न देता. तेव्हा चुकलंमाकलं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही, तुरुंगाचंही नाही. नावं लिहिली की लोक माणसाला सोडून नावाच्या मागं लागतात.

तर उताणा म्हणजे दुप्पट जागा का, ते सांगतो. तो तुरुंग जेवढ्या लोकांसाठी बांधला होता त्याहून कितीतरी जास्त लोक त्यात होते. रोज संध्याकाळी पोलिसांची गाडी यायची आणि आणखी माणसं उतरवून जायची. कुणाला परत पाठवायचा अधिकार जेलरला नव्हता. तो फाटकात उभा राहून हात जोडून म्हणायचा, "पधारो सा, पधारो. जागाच जागा आहे. आणखी दोन असतील तर माझ्या डोक्यावर झोपवा." पोलीस हसायचे. त्यांना ते पाठ झालं होतं. गाडी गेली की तो बराच वेळ फाटकाकडं पाठ करून उभा राहायचा.

बॅरकीत माणसं कुशीवर झोपायची, चमचे एकात एक ठेवतात तशी. एकानं कूस बदलायची म्हटली की सगळ्या रांगेनं बदलायची. त्यातही सगळ्यांना एकदम आडवं होता यायचं नाही, म्हणून पाळ्या होत्या. काही रात्री झोपायचे, काही दुपारी. अशा ठिकाणी मी उताणा झोपणार म्हणून हटून बसलो. आणि मला तशी जागा मिळाली. भिंतीकडेची, थंड, बॅरकीतली सगळ्यात चांगली. एक काटकुळा माणूस तिथं बसला होता. तो आपलं फडकं उचलून म्हणाला, "बाऊजी, इथं या. भिंत आहे, पाठीला गार लागेल." आणि तो दुसरीकडं सरकला. म्हाताऱ्याला लोक जागा देतातच, असं मी मनात म्हटलं आणि आडवा झालो. तो माणूस जयपुरातल्या सोडाला भागात उसाच्या रसाची गाडी चालवायचा. सगळे त्याला रसवाला म्हणायचे.

आता मी तिथं कसा गेलो ते सांगायला पाहिजे. सांगताना मान खाली जाते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी गवंडी. आमच्याकडं तासगावच्या बाजूला मी घातलेली फरशी लोक अजून दाखवतात. मुलगा शिकला, विमा कंपनीत अधिकारी झाला, त्याची बदली जयपूरला झाली. बायको गेल्यावर तो मला घेऊन आला. राजा पार्कच्या एका गल्लीत तळमजल्यावरचं भाड्याचं घर. तिथं माझं काम म्हणजे सकाळी दूध घेणं आणि दिवसभर गॅलरीत बसणं. घरातली माणसं चांगली, पण सगळ्यांना कामं. मी सोडून.

समोरच्या घरवाल्यानं जिन्याखालच्या सामायिक बोळात नवी फरशी बसवली. ढाळ उलटा. त्यांनी धुतलं की पाणी आमच्या उंबऱ्याला. मी दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "आप इंजीनियर हैं क्या?" तिसऱ्या वेळी मी बोललो नाही, हातोडा आणला आणि तीन फरश्या उखडल्या. त्यानं माझी गचांडी धरली, मी ढकललं, तो बुडावर बसला. पोलीस आले. शांतता भंग म्हणून दोघांनाही नेलं. कोर्टातल्या साहेबापुढं दोघांनी लिहून द्यायचं होतं की पुढं शांततेनं राहू. समोरच्यानं सही केली आणि जेवायला घरी गेला. मी म्हटलं, मी शांतता मोडलेली नाही, फरशी दुरुस्त करत होतो. न केलेलं परत करणार नाही असं का लिहून देऊ?

साहेबानं समजावलं. मुलानं हात धरला, "अण्णा, नुसती सही आहे." मी हात सोडवून घेतला. आयुष्यात मी कुणापुढं मान वाकवली नव्हती, आणि त्या वेळी मला तेच मोठं वाटत होतं. सही केली नाही तर आत, सही केली की बाहेर, एवढा साधा मामला होता. माझ्या तुरुंगाची किल्ली माझ्याच खिशात होती, आणि मी खिसा शिवून घेतला.

पहिल्या सकाळी मोजणीला माझं नाव पुकारलं. तिथं नावापुढं बापाचंही नाव घेतात. माझा बाप दुसऱ्याच्या शेतातलं पडलेलं बोरसुद्धा विचारून खायचा. त्याचं नाव त्या आवारात मोठ्यानं पुकारलं गेलं आणि मी "हाजिर" म्हणालो. जाळीपलीकडून मुलगा भेटायला आला तेव्हा दोन्ही बाजूंनी एवढी माणसं ओरडत होती की त्याचं एकच वाक्य मला कळलं, "आई असती तर काय म्हणाली असती?" त्याच्या शेजारी एक बाई तान्हं मूल उचलून कुणाला तरी दाखवत होती. मी तोंड फिरवून निघून आलो. नंतर भेटीला नाव पुकारलं तरी गेलो नाही. सुनेनं शेजारीपाजारी सांगितलं होतं की अण्णा गावाला गेलेत.

जेलरकडं परत येतो. लिहायचंय त्याच्याबद्दल.

त्याला रिकामी जागा बघवायची नाही. भुकेल्या माणसाला ताटात टाकलेलं अन्न बघवत नाही, तसं. त्यानं आपल्या खोलीतलं टेबल स्वयंपाकघराला देऊन टाकलं होतं, कारण टेबलाच्या जागेत दोन माणसं झोपतात. कपाट बाहेर लिंबाखाली, वर प्लॅस्टिक बांधून. खोलीत राहिली एक खुर्ची. कागद आले की तो भिंतीवर धरून सही करायचा, त्यामुळं त्याची सही कुठंच सरळ नसायची. टेबल गेलं तिथं तीन आजारी म्हातारे झोपायचे. हे नियमात बसत नाही, असं कारकून म्हणाला तर तो म्हणायचा, "नियमाला बसायला जागा कुठंय सा?"

भिंतीवर त्याचा राग होता. "ही दीड हात जाड आहे. इंग्रजांच्या वेळची असेल नाहीतर राजाच्या. आतून खरवडली तर चार माणसं बसतील." एक शिपाई सांगायचा की साहेबांनी घरचा पलंगसुद्धा कुणाला देऊन टाकला, म्हणून त्यांच्या बाई मुलाकडं सीकरला जाऊन राहिल्यात. दुसरा शिपाई म्हणायचा, सगळं खोटं, साहेब घरी पलंगावर एकटे तिरपे झोपतात, हातपाय चारी दिशांना. खरं काय ते मला कळलं नाही. दोन्ही खरं असेल.

त्याच्या तुरुंगात वर्ग फार. पतंग करायचा वर्ग, साफा बांधायचा वर्ग, शिवणाचा, भजनाचा, अक्षरओळखीचा. बाहेरचे लोक म्हणायचे, केवढा सुधारक माणूस. तो मला एकदा म्हणाला, "शिकणंबिकणं होतं तेवढं होतं. वीस माणसं वर्गात गेली की वीस माणसांना पाठ टेकता येते. वर्ग म्हणजे माझा दुसरा मजला आहे." पेटी एकच होती आणि तिचे चार सूर मुके, तरी भजनाच्या वर्गाला तीस नावं. साफ्याच्या वर्गाबद्दल वरून विचारणा आली की एवढं लांब कापड कैद्यांच्या हाती कसं देता, कुणी गळ्याला लावलं तर? तेव्हापासून तो स्वतः त्या वर्गाला बसायचा, आणि तास संपला की प्रत्येकाच्या डोक्यावरचा साफा आपल्या हातानं सोडवून गुंडाळून न्यायचा. कितीही घाई असली तरी ते काम त्यानं शिपायाला दिलं नाही.

एकदा वरचे मोठे अधिकारी बघायला आले, बरोबर फोटोवाले. दुपारची वेळ. एका खोलीत माणसं ओळीनं कुशीवर पडलेली. अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे काय चाललंय?" जेलर डोळ्याचं पातं न लवू देता म्हणाला, "मौनाचा वर्ग आहे साहेब. यात बोलायचं नाही, हलायचं नाही, आतला राग बाहेर सोडायचा." तेवढ्यात एकानं घोरायला सुरुवात केली. जेलर म्हणाला, "तो पुढच्या इयत्तेत आहे." अधिकारी खूष झाले. पुढं महिन्याभरात दुसऱ्या तुरुंगांना पत्र गेलं म्हणे की असा वर्ग तुम्हीही काढा. हे सांगताना जेलर हसत हसत थांबला आणि म्हणाला, "खोटं बोलून झोप मिळवून द्यावी लागते. माझा बाप शाळामास्तर होता, त्याला काय सांगू?" मग बशी उचलून निघून गेला.

पण त्याची सगळ्यात विचित्र रीत खुर्चीची. दुपारचं जेवण झालं की तो आपली चटई काखेला मारून कुठल्यातरी बॅरकीत जायचा, एका कैद्याला उठवायचा आणि त्याच्या जागेवर तासभर पडायचा. त्या कैद्यानं त्या वेळात जेलरच्या खुर्चीत जाऊन बसायचं. पंखा लावायचा, पाणी प्यायचं, फोनला हात लावायचा नाही. का, तर दुपारी तो बॅरकीत पडला की सगळ्या तुरुंगात ती एकच जागा रिकामी राहते, आणि रिकामी जागा ठेवणं पाप. कैद्यांना त्याची भीती वाटायची. धटिंगण माणसं खुर्चीच्या कडेवर टेकून, गुडघ्यावर हात ठेवून, नव्या जावयासारखी बसायची. एकजण तर पूर्ण तास उभाच राहिला. जेलरनं येऊन त्याला रागवलं, "मी तुझ्या जागेवर आडवा झालो ना? मग तुला माझ्या जागेवर बसायला काय झालं?"

मला त्यानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुम्हाला काय येतं?"

"फरशी."

त्याच्या तोंडावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. लहान मुलाला जत्रा दाखवावी तसं. स्वयंपाकघरामागं एक व्हरांडा होता, खड्डे पडलेला, पाणी साठलेलं. नीट झाला तर तिथं दहा-पंधरा माणसं झोपली असती. कुठल्यातरी पाडलेल्या क्वार्टरच्या कोटा फरशीचे तुकडे आवारात पडले होते. जेलरनं कुठून कुठून सिमेंट मिळवलं, ते मी विचारलं नाही. पाटीवर लिहिलं, फरशीचा वर्ग, आणि मला सहा माणसं दिली.

खरं सांगतो, त्या दिवसांत मी सुखी होतो. तुरुंगात सुखी होतो हे लिहितानासुद्धा लाज वाटते. पण थापी हातात आली आणि बोटं परत माझी झाली. तुकड्यांची फरशी अवघड, प्रत्येक तुकड्याला शेजारी शोधावा लागतो. मी ओरडायचो, "ढाळ, ढाळ बघा, पाणी काय तुमच्या सासऱ्याचं आहे का, सांगेल तिकडं जायला?" पोरं हसायची. मला उस्तादजी म्हणायची. पातळी बघायला पाणसळ धरणारा एक, सिमेंट-वाळूचा माल कालवायला एक, पाणी द्यायला एक. माल कालवायला तो रसवाला. माप एकदा सांगितलं की चुकायचा नाही. पण कधीकधी फावडं हातात धरून उभ्या उभ्या डुलकी घ्यायचा. मी त्याला झापायचो, "रात्री काय करत होतास रे?" तो म्हणायचा, "उस्तादजी, तुमचं घोरणं ऐकत होतो. तालात घोरता तुम्ही." सगळे हसायचे. मीही.

मुलगा रोज फाटकावर येऊन जेलरला भेटून जायचा. जेलर मला येऊन सांगायचा, "तुमचा मुलगा आला होता. सहीचं विचारत होता." मी म्हणायचो, "व्हरांडा राहिलाय." जेलर मान हलवायचा, "हां, व्हरांडा राहिलाय." यापुढं तो कधी बोलला नाही.

व्हरांडा झाला. ढाळ असा की एक तांब्या ओतला तर थेंब न राहता नाल्यात. जेलरनं तीनदा पाणी ओतून बघितलं. मी सांगितलं, चार दिवस यावर पाय ठेवू देऊ नका. पण संध्याकाळी गाडी आली, आणि नेहमीपेक्षा जास्त माणसं उतरली. ओल्या फरशीवर पोती टाकून त्यांना झोपवलं. सकाळी बघितलं तर दोन तुकडे खचलेले. मी जेलरवर ओरडलो. तो ऐकून घेत उभा राहिला. एवढं करून बॅरकीत एक वीतभर जागा वाढली नव्हती.

त्यानंतर थोड्या दिवसांनी तो चटई घेऊन माझ्यापुढं आला. "चला उस्तादजी, आज तुमची पाळी."

मी कडेवर नाही बसलो. मी त्याच्या खुर्चीत पाठ टेकून, तिच्या हातांवर हात पसरून बसलो. पंखा लावला. खिडकीतून माझा व्हरांडा दिसत होता. मनात हिशोब चालला होता की आता स्वयंपाकघराची फरशी काढायला सांगावी, तीही गेलेली आहे, आणखी महिना सहज जाईल. घरी जाऊन तरी काय करायचं होतं?

तासाभराच्या आधीच जेलर परत आला. मी उठायला लागलो. तो म्हणाला, "बसा." खोलीत दुसरं काही बसायला नव्हतं. तो काखेत चटई घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. मी साहेब आणि तो आरोपी, असं कुणालाही वाटलं असतं.

"तुमच्या जागेवर पडलो," तो म्हणाला. "चांगली जागा आहे. गार. डोळा लागणार तेवढ्यात पायाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. डोळे उघडले, तर रसवाला. मी म्हटलं, काय पाहिजे? म्हणाला, काही नाही साहेब, तुम्ही झोपा. मी म्हटलं, मग आलास कशाला? बोलेना. फार विचारल्यावर म्हणाला, रोज या वेळी येऊन बघतो, बाऊजी उठलेत का."

"का?"

"ती त्याची जागा आहे सा. रात्रीची पाळी त्यानं तुम्हाला दिली. दुपारची स्वतःला ठेवली होती. तुम्ही काम करून येता, जेवता, आणि दुपारीही तिथंच आडवे होता. तो येतो, बघतो, आणि परत जातो."

माझ्या कानात पंख्याचा आवाज मोठा झाला. मी म्हटलं, "मग झोपतो कुठं?"

"बसून. न्हाणीच्या भिंतीला टेकून. तिथं ओल असते म्हणून कुणी बसत नाही."

"मला उठवायचं होतं."

"मीही तेच म्हटलं त्याला. तर म्हणाला, उस्तादजी थकून आलेले असतात."

मला राग आला. लाज वाटली की मला आधी राग येतो, हे मला या वयात कळलंय. मी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "तुरुंग तुमचा, पाळ्या तुमच्या. कोण कुठं झोपतो हे तुम्ही बघायचं. मला कशाला सांगता?"

"खरं आहे," तो म्हणाला.

त्यानं उलट बोलायला हवं होतं. मग मी भांडलो असतो, भांडण मला येतं. तो भिंतीकडं बघत मिशी खाजवत म्हणाला, "मी पहिल्या आठवड्यातच बघितलं होतं. मला व्हरांडा करून हवा होता. म्हटलं, म्हातारा नीट झोपला तर नीट काम करील. गप्प बसलो. व्हरांडा झाला की पहिली जागा रसवाल्याला द्यायची, असं मनाशी ठरवलं होतं. मग ती गाडी आली, आणि मी विसरलो. शपथेवर सांगतो, साफ विसरलो."

कोपऱ्यातला एक म्हातारा खोकला आणि कूस बदलून परत झोपला.

मग जेलर म्हणाला, "त्याच्या गाडीपाशी कुणाचा मोबाईल गेला, म्हणून तो आत आला. जामीन मंजूर होऊन बरेच दिवस झाले. पण त्याला जामीन म्हणून उभा राहील असा एक माणूस या शहरात नाही. भरतपूरकडची माणसं, इथं ओळख कुणाची? बायको दारोदार फिरते. आणि तुमचा मुलगा माझ्या फाटकात रोज उभा असतो."

मी म्हटलं, "सही केली म्हणजे मी भांडखोर ठरलो." माझा आवाज मलाच बारीक लागला.

"ठरलात तर ठरलात सा. मी शेकड्यानं भांडखोर बघितलेत. बरी माणसं असतात." त्यानं चटई दुसऱ्या काखेत घेतली. "सकाळी कोर्टाची गाडी जाते. जबरदस्ती नाही. ती गाडी जाताना थोडी मोकळी असते, एवढंच सांगतो."

मी उठलो. खुर्ची रिकामी झाली, पण तो तिच्यात बसला नाही. मी दाराबाहेर गेलो तरी तसाच उभा होता.

त्या माणसाला मी पुन्हा भेटलो नाही. पुढच्या वर्षी त्याची बदली झाली असं मुलाकडून कळलं. मुलाकडूनच, कारण तो नंतरही एकदोनदा तिथं गेला. रसवाल्याला जामीन माझ्या मुलानं दिला. मी त्याला सांगितलं नव्हतं. फाटकावर उभा राहून राहून त्यालाच सगळं कळलं होतं, रसवाल्याची बायकोही तिथंच उभी असायची. तो माझ्यावर एका शब्दानं रागावला नाही. समोरचा घरवाला मला आता नमस्कार करतो, मीही करतो. फरश्या त्यानं परत तशाच बसवल्यात. पाणी आमच्या उंबऱ्याला येतं, आणि मी ते खराट्यानं परतवतो.

खुर्चीत बसलो त्या दिवशी संध्याकाळी मी भिंतीकडेच्या जागेवर गेलो नाही. रसवाल्याला म्हटलं, तू झोप तिथं. तो म्हणाला, "छे बाऊजी, तुम्ही असताना?" आणि ऐकेना. आम्ही दोघं दोन बाजूंना बसून राहिलो, आणि ती जागा तिसऱ्याच कुणीतरी घेतली. माझं एवढंसं चांगलं वागणंही त्याच्या कामाला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिपायाला सांगितलं, माझं नाव कोर्टाच्या गाडीत घाला. भिंतीकडेच्या जागेवरच्या माणसाला उठवलं आणि माझी सतरंजी गुंडाळली. मला रसवाल्याला एक वाक्य म्हणायचं होतं. माफ करा हे मी कुठल्याच भाषेत कधी म्हटलं नव्हतं, म्हणून संडासाच्या रांगेत उभं राहून मी ते हिंदीत मनातल्या मनात घोकलं होतं. मी त्याला हाक मारली. तो न्हाणीकडून आला. अंगातला सदरा पाठीवर ओला होता.

"चाललात बाऊजी?"

"हो. बस इथं."

तो बसला. मी सतरंजी काखेत धरली, घसा साफ केला, शब्द जुळवले. तेवढ्यात तो डाव्या कुशीवर कलंडला होता आणि त्याचा श्वास जड झाला होता. सबंध जागा त्याची होती, तरी तो भिंतीला चिकटून झोपला. पाठीमागं आणखी एक माणूस आडवा होईल एवढी जागा त्यानं मोकळी ठेवली होती.

शिपायानं गाडीसाठी हाक दिली. मी त्याला उठवलं नाही. तोंड मिटून गाडीकडं चालायला लागलो.